डाव्या कोपऱ्यातला हात

मला कोणी विचारलं की तुझे आवडते बँड कोणते, तर मी आधी विचारते, वेळ आहे ना भरपूर? कारण एकदा सुरू झाले की मी थांबत नाही. ब्रिस्बेनचा 'ड्राय सीझन' घ्या. त्यांची पहिली कॅसेट, दुसरी नव्हे. दुसरीत त्यांनी गिटारचा आवाज घासूनपुसून स्वच्छ केला आणि सगळ्याची वाट लावली. ऑकलंडचा 'शॉर्ट रोप', ज्यांचं सगळ्यात लांबलचक गाणं एक मिनिट बारा सेकंदांचं आहे, आणि त्यातही चार सेकंद ड्रमर नुसता शिव्या घालतो. मेलबर्नचा 'कर्फ्यू मदर'. त्यांची गायिका चष्मा रबराने डोक्याला बांधून गाते आणि तरी दर कार्यक्रमात एक फोडते. आणि या सगळ्यांच्या वर आमचा, पोर्ट केम्बलाचा 'टॅपहोल'. भट्टीच्या ज्या भोकातून वितळलेलं लोखंड बाहेर येतं त्याला आमच्याकडे कारखान्यात टॅपहोल म्हणतात. बँडला ते नाव लूने दिलं. लू म्हणजे लुर्देस, टॅपहोलची गायिका आणि माझी मैत्रीण.

पक्षपात म्हणाल. म्हणा खुशाल. मी दर दोन महिन्यांनी झेरॉक्स काढून या बँडांवर एक अंक छापत होते, आणि त्यातही मी पक्षपातच केला.

पण बाकी बाबतीत मी तशी नाही. मी पोलादाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. भट्टीतून आलेला नमुना जाळायचा, वजन करायचं, आकडा लिहायचा. जुळला नाही तर पुन्हा जाळायचा. माझ्या आईला याच कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून गेटवर महिनोन्‌महिने बसावं लागलं होतं, कारण साहेबांच्या मते बायकांना वजनं उचलता येत नाहीत. तेव्हा मला नोकरीची किंमत आहे आणि आकड्यांचीही. शहाण्णव सालच्या मार्च-एप्रिलमध्ये जे झालं ते मी तसंच, जुळवून बघून सांगते आहे. जुळत नाही ते जुळत नाही म्हणून सांगेन.

लू आणि मी भेटलो शाळेच्या बसमध्ये, बाराव्या वर्षी. ती पोर्तुगीज घरातली, मी मॅसेडोनियन. मागच्या बाकावरची पोरं आमच्या डब्यांवरून आणि आयांच्या बोलण्यावरून आम्हाला चिडवायची. मी रडवेली होऊन खिडकीबाहेर बघत होते. ही बाई शेजारी येऊन बसली, वॉकमनचा एक कान स्वतःच्या कानात ठेवला आणि दुसरा माझ्या कानात कोंबला.

"ऐक," ती म्हणाली. "हे लोक तुझ्यापेक्षा जास्त चिडलेले आहेत."

खरंच होते. तो गोंगाट माझ्या कानात शिरला आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही. त्या दिवसापासून लूला काही झालं तर माझं काय, हा विचार मी कधी पूर्ण केलेला नाही.

आमचे कार्यक्रम रविवारी दुपारी दोनला व्हायचे, मासेमारांच्या जुन्या हॉलमध्ये. दुपारी अशासाठी की दारू नाही, आणि दारू नाही म्हणून सोळा वर्षांच्या पोरांनाही आत घेता यायचं. अठराच्या खालच्यांच्या हातावर मी दारात बसून काळ्या मार्करने फुली मारायची. संध्याकाळपर्यंत माझी बोटं कोळशासारखी काळी. हॉल लाकडी, समुद्राकडे पाठ करून उभा. बाजूच्या खिडक्यांतून पाइनची झाडं आणि त्यांच्यामागे कारखान्याची धुराडी दिसायची. स्टेज नव्हतंच. बँड जमिनीवर, लोक जमिनीवर, मध्ये एका हाताचं अंतर. गाणं सुरू झालं की समोरची जागा उकळायला लागायची. धक्के, कोपर, उड्या. त्याला आम्ही पिट म्हणायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मारामारी चालली आहे. नसते. दारातच एक पुठ्ठा टांगलेला असायचा, लूच्या अक्षरात: 'कोणी पडलं तर उचला. कोण ते नंतर बघा.'

एवढा एकच नियम होता आमच्यात, आणि तो मोडणाऱ्याला आम्ही हॉलबाहेर काढायचो. दोन पोलीसवाल्यांची पोरं एकदा आली होती मुद्दाम त्रास द्यायला. त्यातला एक पडला तर त्यालाही सहा जणांनी उचलला, बुटाची नाडी बांधून दिली, मग बाहेर काढला.

हॉलच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात एक बिलियर्डचं टेबल होतं. प्रचंड जुनं, खाली दगडी लादी, वरचं हिरवं कापड फाटून लोंबणारं. त्यावर कोणी खेळताना मी पाहिलं नव्हतं. ते पिटची एक चतुर्थांश जागा खायचं आणि लोक त्याच्या कडेवर बरगड्या आपटून घ्यायचे. हॉलची देखभाल करायचा नोएल पिकरिंग, सत्तरीचा, मासेमारी सोडलेला. त्याला आम्ही दोनदा विचारलं, हलवू का? दोनदा नाही म्हणाला. फेब्रुवारीत तो कंबरेचं ऑपरेशन करून बहिणीकडे राहायला गेला, आणि आम्ही आठ जणांनी ते टेबल ढकलत मागच्या खोलीत नेलं. खाली फळ्या इतक्या कोऱ्या होत्या की जणू कालच बसवल्यात. आम्ही खूश. पिटला जागा झाली.

पहिल्यांदा माझ्याच बाबतीत झालं. मार्चचा दुसरा रविवार. टॅपहोलचं तिसरं गाणं. दारात आता कोणी येणार नव्हतं म्हणून मी मार्कर खिशात टाकून पिटमध्ये घुसले होते. डाव्या कोपऱ्यात, लोकांच्या पायांमधून गुडघ्याच्या उंचीवर एक हात वर आला, बोटं पसरलेली. कोणीतरी पडलं होतं. मी विचार न करता धरला आणि ओढला.

वजन लागलं. पूर्ण माणसाचं वजन. हात गरम होता, घामट होता, त्याने माझा हात मनगटापाशी पकडला, पडलेला माणूस पकडतो तसाच. त्याच्या बोटांना काळी शाई लागलेली दिसली. मग कोणाचा तरी खांदा माझ्या तोंडावर आदळला, पकड सुटली, आणि मी खाली बघितलं तर नुसत्या फळ्या आणि बूट.

रांगत बाहेर गेलं असेल कोणी, मी म्हटलं. शाई माझ्याच बोटांची लागली असेल. आकडा जुळला. विषय संपला.

पुढच्या रविवारी न्यूकॅसलचा एक बँड होता, आणि आमचा डेझ पिटमध्ये होता. डेझ टॅपहोलचा गिटारवाला, कारखान्यात क्रेन चालवायचा, दारातून आत येताना तिरकं व्हावं लागेल असा माणूस. कार्यक्रम संपल्यावर तो अंगणात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हातातल्या कागदात बटाट्याच्या गरम चिप्स होत्या आणि तो एकही खात नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बिल, एक सांगू? हसणार नसशील तर." मला सगळे बिल म्हणायचे.

"हसण्यासारखं असेल तर हसेन की."

त्याने उजवा हात पुढे केला. पालथ्या हातावर भाजल्याचा जुना डाग होता, चंद्रकोरीसारखा. लोखंडाचा शिंतोडा उडाला होता, त्याचा.

"आज कोपऱ्यात एकाला उचलायला गेलो. मी धरलेल्या हातावर हा डाग होता."

"तुझाच हात बघितलास तू, येड्या. दहा जणांचे हात एकमेकांत अडकलेले असतात."

"माझा हात वरून गेला होता," डेझ म्हणाला. "डाग खालच्या हातावर होता."

मी हसले नाही. चिप्स मात्र खाल्ल्या, कारण त्या गार होत होत्या.

सोमवारी पहिली पाळी संपल्यावर मी हॉलवर गेले. मागच्या बाजूने फळ्यांखाली शिरायला एक झडप आहे. टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन मी पोटावर सरपटत आत गेले. जमीन आणि फळ्या यांच्यात सेहेचाळीस सेंटिमीटर जागा. वाळू. वाळूवर मांजराची पावलं, बाटल्यांची बुचं, एक सडलेला चेंडू. डाव्या कोपऱ्याखाली काहीच नव्हतं. म्हणजे खरोखर काही नाही. मांजरसुद्धा तिकडे गेलेलं नव्हतं. तेवढी वाळू सपाट होती, कोणी तळहाताने सारवावी तशी. वरच्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. मी फटीत पोस्टकार्ड सरकवून बघितलं, शिरलं नाही. हे सगळं मी वहीत लिहिलं. नंतर वही मिटून बाहेर उन्हात बराच वेळ बसले.

एप्रिलपर्यंत नऊ जणांनी तो हात धरला होता. कोणी उघड बोलत नव्हतं. पण चहाच्या पिंपापाशी दोघं-तिघं कुजबुजायचे आणि मी गेले की गप्प व्हायचे. एका मुलीने मला विचारलं, "तू कधी स्वतःशीच शेकहँड केलायस का?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. गंमत म्हणजे गर्दी कमी झाली नाही. उलट त्या कोपऱ्यात लोक जास्तच जायला लागले. पडलेल्याला सोडून कसं चालेल, अशी ती सगळी मंडळी.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी नोएल परत आला. हातात काठी, अंगात इस्त्रीचा शर्ट. बँड वायरी जोडत होता. तो दारात थांबला, आणि मोकळा कोपरा बघून त्याचा चेहरा असा उतरला की मी खुर्चीच पुढे केली. तो बसला नाही.

"टेबल परत ठेवा," तो म्हणाला. "आत्ता. कार्यक्रमाच्या आधी."

"का?" लूने विचारलं. ती माइकची वायर कोपराभोवती गुंडाळत होती. "काय आहे तिथे?"

"मला माहीत नाही. माझ्या आधीच्या माणसाने ठेवलं होतं. मी तीस वर्षं हलवलं नाही. एवढंच."

"कोणीतरी तिथे खाली आहे, नोएल. हात मागतंय. आणि तुम्ही लोकांनी त्याच्यावर बिलियर्डचं टेबल आणून ठेवलंत?"

नोएल चिडला नाही, तेच वाईट होतं.

"हात मागत नाही ते, पोरी," तो म्हणाला. "हात देतं."

हॉलमध्ये तोवर शंभरेक माणसं आली होती. टेबल उचलायला आठ लागतात. नोएलने सगळ्यांकडे बघितलं. एकही जण जागचा हलला नाही. अंगठ्यापासून भुवईपर्यंत टोचून घेतलेली, हिरव्या केसांची, बापाचं न ऐकणारी ती शंभर पोरं, आणि सगळी छताकडे बघायला लागली. दुसरा कुठलाही दिवस असता तर मला त्यांचा अभिमान वाटला असता. खरं सांगायचं तर वाटलाच. भीतीही वाटली.

मी लूला ओढून अंगणातल्या नळापाशी नेलं.

"तू आज त्या कोपऱ्यात जायचं नाहीस."

"बरं. मग कोण जाणार?"

"कोणीच नाही. दोरी बांधू. तुझी हौस फिटेल तेवढं इकडे नाच."

"बिले," ती म्हणाली, "आपल्याला आजवर सगळ्यांनी हेच सांगितलं. अमक्याला जवळ करू नका, तमक्याला उचलू नका, आपलं आपण बघा. तुझ्या आईला काय सांगितलं होतं गेटवर? घरी जा, बाई. मी पुठ्ठ्यावर लिहिलंय ते काय शोभेला?"

"अगं पण त्या हातावर डेझचा डाग होता! माझी शाई होती! ते काय आहे ते तरी कळू दे!"

"कोण ते नंतर बघायचं," लू म्हणाली आणि माझ्या गालाला ओला हात पुसून आत गेली. मला इतका राग आला की मी नळाला लाथ मारली. नळ पितळी होता. अंगठ्याचं नख नंतर गळून पडलं.

टॅपहोल साडेतीनला सुरू झाले. आणि काय वाजवलं त्यांनी त्या दिवशी! मी अठ्ठावीस वेळा त्यांना ऐकलं होतं, असं कधीच नाही. ग्लेनचा ड्रम छातीत वाजत होता. डेझची गिटार करवतीसारखी. लू उघड्या पायांनी, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, माइक दोन्ही हातांत घट्ट धरून. खिडक्यांतून ऊन सरळ जमिनीवर पडलं होतं आणि त्यात धूळ उडत होती. कारखान्याकडून वारा होता, सडक्या अंड्यांचा तो आमचा रविवारचा वास. मी पिटच्या कडेला उभी राहून तिच्या पाठीवरची नजर काढत नव्हते.

शेवटचं गाणं 'हलवून बघ'. एक मिनिट चाळीस सेकंद. 'हटणार नाही, हटणार नाही, हलवून बघ' एवढेच शब्द, आणि ते सगळ्या हॉलने ओरडायचे. लू गर्दीत घुसली. नेहमीच घुसायची. पण आज ती डावीकडे घुसली. मी ओरडले. शंभर जण ओरडत होते, त्यात माझं कोण ऐकणार.

ती वाकली. तिने एक हात खाली नेला.

आणि पडली.

दहा हात तिच्यावर झुकले, वीस झुकले. आमची माणसं ती, सेकंदात उचलतात. सेकंद गेला. दुसरा गेला. झुकलेली माणसं हळूहळू सरळ झाली आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. गर्दी आपोआप मागे सरकली आणि मध्ये कोऱ्या फळ्या उघड्या पडल्या.

लू तिथे नव्हती.

माइकची वायर अँपपासून निघून ताणलेली होती, आणि त्या दोन फळ्यांमधल्या, पोस्टकार्ड न शिरलेल्या फटीत गेली होती.

"हटणार नाही," स्पीकरमधून लूचा आवाज आला. तालात. एक मात्राही चुकली नव्हती. "हटणार नाही, हलवून बघ!"

नोएल काठी टाकून भिंतीला टेकला होता. डेझचे हात गिटारवर थिजले.

"थांबू नका!" मी किंचाळले. "वाजवा! गाणं थांबवलंत तर मारीन एकेकाला!"

मला कसं कळलं ते विचारू नका. ज्या क्षणी डेझ थांबला त्या क्षणी तिचा आवाज लांब गेला होता, एवढं मी ऐकलं होतं. ग्लेनने ऐकलं असावं. तो वाजवतच राहिला. गाणं संपलं की चार ठोके, आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी पालथी पडले आणि हात खाली नेला. फळी लागायला हवी होती तिथे लागली नाही.

कोपर गेलं. खांदा गेला. गार नव्हतं, ओलं नव्हतं. मागून कोणीतरी माझे घोटे धरले, त्याच्या कमरेला दुसऱ्याने धरलं, हॉलच्या दारापर्यंत माणसांची साखळी लागली, हे मला नंतर कळलं.

गाणं तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. माझं डोकं आत गेलं.

आत अंधार नव्हता. आमच्याच हॉलचा उजेड होता, दुपारचा, धूळ उडणारा. आणि गाणं तिथेही चालू होतं, आमच्यापेक्षा किंचित मागे. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही, कारण यापेक्षा जास्त मला नीट दिसलं नाही आणि अंदाज मी लिहीत नसते.

माझ्या उजव्या हातात एक हात आला. मी तो ओळखला. बाराव्या वर्षापासून ओळखते.

त्याच वेळी माझा डावा हात कोणीतरी धरला.

मनगटापाशी, घट्ट, पडलेला माणूस धरतो तसा.

दोघांना ओढायची ताकद माझ्यात नव्हती. लू निसटत होती. मी डावा हात झटकला. एकदा झटकला, सुटला नाही. दुसऱ्यांदा जोरात झटकला.

"ओढा!" मी ओरडले.

शंभर माणसांनी ओढलं. माझे खांदे निखळतात की काय असं झालं, हनुवटी फळीवर सोलली, आणि मी बाहेर आले, आणि माझ्या मागून लू बाहेर आली, खोकत, हसत, केसांत वाळू. ग्लेनने शेवटचा ठोका मारला आणि काठ्या टाकून दिल्या. गाणं अकरा वेळा झालं होतं.

काय आरडाओरडा झाला! पोरं रडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. डेझने आम्हा दोघींना एकदम उचललं. मी लूचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. कपाळावरचा तीळ, पुढचा वाकडा दात. तिच्या तोंडाला नेहमीसारखाच खोकल्याच्या गोळ्यांचा वास येत होता. तीच होती. मी तिला अशा शिव्या घातल्या की नोएलने मान वळवली.

"मी उचलायला गेले होते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उलटंच झालं."

"गप बस. पाणी पी."

ती पाणी प्यायली. मीही प्यायले. कोणीतरी खिडक्या उघडल्या. पोरं आता कोपऱ्यापासून लांब उभी होती, पण कोणी घरी जात नव्हतं.

मग स्पीकर खरखरला.

माइक वर आलाच नव्हता. वायर अजून फटीत गेलेली होती, सैल.

स्पीकरमधून श्वास ऐकू आला. धापा टाकल्यासारखा. मग आवाज आला.

"लू," तो म्हणाला. "माझा हात सुटला. ओढ ना."

तो माझा आवाज होता.

मी तोंड मिटून उभी होते. शंभर माणसांनी आधी स्पीकरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. डेझ अर्धं पाऊल मागे सरकला.

"लू? मला दिसताय तुम्ही सगळे. वाजवा ना, थांबू नका म्हटलं होतं मी."

लूने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायला हवं होतं. मीच आहे, असं म्हणायला हवं होतं. पण मी प्रयोगशाळेत काम केलेली बाई. पडताळा बघितल्याशिवाय सही करत नाही. आणि पडताळा माझ्याकडे नव्हता.

स्पीकरचा प्लग माझ्यापासून दोन हातांवर होता. नोएल त्याच्याकडेच बघत होता. "उपट," तो हळूच म्हणाला. "उपट, पोरी, आणि सगळे घरी जा."

"कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले.

ग्लेनने वाकून काठ्या उचलल्या. लू पालथी पडली आणि तिने हात खाली घातला. मी तिच्यामागे गुडघ्यांवर बसले आणि तिचे दोन्ही घोटे घट्ट धरले.